लाळ लागली का?

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "सिस्टर, एवढी वर्षं सेवा केलीत, काही हृद्य अनुभव लिहून द्या ना." मी म्हटलं, हृद्यबिद्य माझ्याकडे काही नाही हो, मी आयुष्यभर नुसती भांडलेय. डॉक्टरांशी भांडले, पेशंटशी भांडले, पेशंटच्या सासऱ्यांशी भांडले, एकदा तर ऊसतोडीच्या ट्रकशी भांडले. ते म्हणाले, "मग तेच लिहा." म्हणून लिहितेय. नंतर तक्रार चालणार नाही.

मी नवापूरच्या डोंगराकडची. नोकरीतली शेवटची बरीच वर्षं अक्कलकुवा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात काढली. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांत माझं अजून जाणंयेणं आहे. माझ्या ताब्यात होती इंजेक्शनची खोली. बाळांचे डोस, गरोदर बायांची धनुर्वाताची सुई आणि कुत्रं चावलेल्यांच्या सुया. या तिसऱ्या कामाला कुणी हौसेनं हात लावत नसे. चार वेळा यायचं असतं: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. माणूस एकदा येतो, फार तर दोनदा, आणि मग रजिस्टरात त्याच्या नावापुढे रिकामे चौकोन राहतात. ते चौकोन बघितले की माझं डोकं फिरायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कुत्रं चावलं की काळजी जखमेची. जखमेचं काय डोंबल! ती भरते. काळजी असते लाळेतल्या रेबीजच्या विषाणूची. हा कसा काम करतो ते नाशिकच्या ट्रेनिंगमध्ये एका सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं, ते सोपं करून सांगते. आपल्या अंगात कुठलाही जंतू शिरला की ज्या पेशीत तो शिरला ती आधी बोंब ठोकते. शेजारच्या पेशींना निरोप जातो, त्या दारं लावून घेतात, रक्तातले शिपाई धावत येतात. मग ताप येतो, जखम लाल होते, सुजते, ठणकते. हा सगळा त्रास म्हणजे अंगानं केलेला आरडाओरडा. पुस्तकात या निरोपाचं नाव इंटरफेरॉन. रेबीजचा विषाणू काय करतो, तर तो निरोप पेशीच्या आत नेणाऱ्यालाच वाटेत धरून ठेवतो. बोंब झाली तरी ती जिथं ऐकू जायला हवी तिथं जातच नाही. तेवढ्यात हा नसेत शिरतो आणि नसेनसेनं मेंदूकडे चालायला लागतो. जाताना काही फोडत नाही, मोडत नाही. सूज नाही, ताप नाही, दुखणं नाही. आठवडे जातात, कधी महिने जातात. माणूस शेतावर जातो, लग्नात नाचतो. पहिलं लक्षण दिसतं तेव्हा हा मेंदूत जाऊन बसलेला असतो, आणि मग जगातल्या कुठल्याच डॉक्टरकडे इलाज उरत नाही.

हे ऐकलं तेव्हा बाकीच्या सिस्टर वहीत लिहून घेत होत्या आणि मला संताप आला होता. मेल्या, समोरून ये ना! पटकी समोरून येते, गोवर समोरून येतो, अंगभर दिसतो. हा असला चोरटा. त्या दिवसापासून माझं त्याच्याशी वैर आहे, आणि मी वैर विसरणारी बाई नाही.

पण वैरात पहिली चूक माझीच झाली, ती आधी सांगते. हायवेवरच्या एका ढाब्यावर मगन नावाचा माणूस भाकऱ्या करायचा. तिशीतला, बोलका. एक दिवस पोटरी दाखवायला आला. मी विचारलं, "कुत्रं चावलं का?" तो हसला. "नही व ताई. चावनं बिवनं काही नही. पिल्लानं नख लागनं जरासं." दोन बारीक ओरखडे होते. बाहेर रांग होती, बाळं रडत होती. मी म्हटलं, नखच ना? मग साबणानं धू आणि जा.

पिल्लू पंजा चाटतं. पंजाला लाळ असते. हे मला माहीत होतं, पण मी विचारलं होतं चाव्याबद्दल आणि त्यानं उत्तर दिलं होतं चाव्याबद्दल. दोन महिन्यांनी त्याच्या भावांनी त्याला आणलं. पाणी समोर धरलं की घसा आवळायचा, पंख्याचा वारा सोसायचा नाही. शुद्धीवर होता, मला ओळखलं. म्हणाला, "तू सांगं तसंच करं मी, ताई. साबण लाई धोयं." दुसऱ्या दिवशी तो गेला. लोक म्हणतात, सिस्टर, असं मनाला लावून घेऊ नये. मी लावून घेतलंय. ते माझंच आहे आणि माझ्याजवळच राहील.

त्यानंतर मी "चावलं का?" हा प्रश्न बंद केला. त्याऐवजी विचारायला लागले, "लाळ लागली का?" तसंही नव्हे, कारण आमच्याकडे सपाटीवर अहिराणीत 'ळ' जिभेवर ठरत नाही, त्याचा 'य' होतो. म्हणून, "लाय लागनी का?" कुत्रं, मांजर, कोल्हं, गाय, कुणाचीही. कुठंही. रांगेतले लोक हसायचे. बाळाच्या डोससाठी आलेल्या बाईलाही मी हेच विचारायची, म्हणजे काहीच्या काहीच वाटायचं. एक कंपाउंडर मला मागून 'लायबाई' म्हणायचा. म्हण बाबा.

आता रुमाची गोष्ट. खापर गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचं गाव. तिथं घरं एका जागी नसतात, प्रत्येकाचं आपापल्या टेकडीवर. दिवाळीच्या सुमाराला सपाटीवर कापूस वेचायला उतरायची आणि कापूस संपला की सगळं घर ऊसतोडीला गुजरातेत. नवरा आधीच तोडीवर गेलेला. ती लेकराला डोस द्यायला आली, सोबत सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत, मीही तेच म्हणते. आबा बाहेर लिंबाखाली विडी ओढत बसले.

लेकराच्या मांडीला सुई टोचताना मी सवयीनं विचारलं, "कुनी लाय लागनी का?" घरी ती भिली बोलते, माझी नवापूरकडची आदिवासी कोकणी, आमच्या दोघींची गाठ बाजारातल्या अहिराणीवर पडते. ती म्हणाली, "बैलनी लागनी व्हती. पन तो मरी गया."

मी सुई खाली ठेवली. "कसा मेला?"

"घसामा काही तरी अडकेल व्हतं. लाय गये, पानी पेवाये नही. आबानी जबडा धरा, मी हात टाका." तिनं कोपरापर्यंत हात दाखवला. हात बारीक होता. बाईचा हात बारीक, तो आत जातो, म्हणून तिनं घातला. आत काही सापडलं नव्हतं.

ही चूक शहरातला माणूस कधी करणार नाही, कारण त्याच्याकडे बैल नसतो. बैलाच्या तोंडातून तारा गळायला लागल्या, तो हंबरायला लागला, पाणी गिळेना, की शेतकरी म्हणतो, मक्याचं कणीस अडकलं. आणि जिवापाड सांभाळलेलं जनावर, हात घालणारच ना! पण पिसाळलेल्या बैलाचं घशातलं गिळणंच बंद पडलेलं असतं. अडकलेलं काही नसतंच. मी रुमाचा हात उजेडात धरला. कापसाचं बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं काट्यासारखी होतात, वेचणाऱ्या बाईच्या बोटांवर रोज नवे ओरखडे. हिची दहाही बोटं तशीच होती. बैल मरून चार दिवस झाले होते.

मी बाहेर जाऊन आबांना विचारलं, बैलाला काही चावलं होतं का? आबांनी विडी दगडावर विझवली. मग म्हणाले, पावसाळ्याच्या शेवटी एक कोल्हं भर दिवसा गोठ्यात शिरलं होतं, बैलाच्या पायाला लागलं होतं. जखम भरली म्हणून कुणी काही म्हटलं नाही. त्यांच्या अंगठ्यावर कोयत्याची ताजी खाप होती. जबडा त्यांनीच धरलेला.

दोघांना नळाखाली उभं केलं आणि साबणानं हात धुवायला लावले, घड्याळ लावून पाव तास. मग रजिस्टर घेऊन डॉक्टरांकडे. डॉक्टर नवे, सांगलीकडचे, सरळ मनाचे. रजिस्टरात बघून म्हणाले, "सिस्टर, 'चावणारा प्राणी' इथं तुम्ही 'बैल' लिहिलंय. बैल चावला?"

"नाही सर. हिनंच त्याच्या तोंडात हात घातला."

"मग चावा कुठाय? जागा काय लिहायची?"

"लिहा सर, बाई बैलाला चावली. पण सही करा!"

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी मोबाईल काढून नियमावली वाचली, चेहरा बदलला आणि मुकाट्यानं सही केली. लस आमच्याकडे होती, ती लगेच टोचली. पण एवढे ओरखडे, एवढी लाळ, म्हणजे नुसत्या लशीवर भागत नाही, जखमेत सिरम भरावं लागतं. सिरम म्हणजे बाहेरून आणलेले तयार शिपाई. लस अंगाला शिकवेपर्यंत ते खिंड लढवतात. ते मिळणार नंदुरबारला. दवाखान्याची गाडी होती, मी स्वतः सोबत गेले. एकेका ओरखड्याशी सुई. रुमानं लेकराला छातीशी धरलं होतं आणि दात आवळले होते. आबांचा चेहरा दगडासारखा. परतताना त्यांनी मला एकच विचारलं, बैलाला सुई दिली असती तर वाचला असता का? हिऱ्या नाव होतं त्याचं. मी खरं ते सांगितलं. कोल्हं लागलं त्याच दिवसापासून सुया दिल्या असत्या तर, कदाचित. नंतर नाही.

तिसऱ्या दिवशी दोघंही आले नाहीत.

दुपारपर्यंत वाट बघितली. मग बर्फाची पेटी घेतली, स्कूटी खापरला ठेवली आणि पुढं मिळेल त्या जीपनं, उरलेलं पायी. वर पोचले तेव्हा आबा अंगणात दोर वळत होते. मला बघून उठलेसुद्धा नाहीत. "दुखस नही," ते म्हणाले, "सुजेल नही, ताप नही. तं मंग सुई कसाले? कापूस पडेल शे खाले. एक दिवस गया का रोज बुडस."

बरोबरच बोलत होते ते. आमचं अंग आम्हाला सांगतं, आम्ही त्याचं ऐकतो, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण. काटा रुतला की दुखतं, विंचू चावला की दुखतं. मी सरांचा फळा आठवून सांगायला लागले, आबा, पेशी म्हणजे अशी अशी, तिचा निरोप असा असा. आबा दोर वळत राहिले. माझा आवाज चढत गेला. शेवटी मी ओरडले, "दुखत नाही हाच तर घोळ आहे! तो तुमच्या अंगाला ओरडूच देत नाही!"

रुमा दाराशी ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं. ती म्हणाली, "म्हंजे शिस्टर, चोर ऊना आनि पहिले कुत्रानं तोंड बांधी टाकं."

आबांचा हात थांबला.

मला त्यांच्याकडची हकीकत नंतर कळली. आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या चार बकऱ्या चोरीला गेल्या होत्या. या गावांची रीत अशी की एका टेकडीवरचं कुत्रं भुंकलं की त्या घरचा माणूस हाक देतो, ती पुढची टेकडी उचलते आणि दहा मिनिटांत अख्खं गाव काठ्या घेऊन उभं. त्या दिवशी कुत्रं भुंकलंच नाही. कुणीतरी त्याचं तोंड फडक्यानं आवळून बांधलं होतं. सगळं गाव जागेवर होतं, सगळ्यांच्या घरात काठ्या होत्या, आणि बकऱ्या गेल्या.

"तो मन्हा अंगमा घुसेल शे?" आबांनी विचारलं. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून.

"असेल. नसेलही."

"तुले बी माहीत नही?"

"नाही आबा. कुणालाच कळत नाही. कळेल तेव्हा उशीर झालेला असेल."

"मंग ह्या सुईमा काय शे?"

आता माझं काम सोपं झालं होतं, रुमानं करून दिलं होतं. मी म्हटलं, सुईत तोच चोर आहे, पण मेलेला. मेलेल्याला कुणाचं तोंड बांधता येत नाही. तुमचं कुत्रं त्याला सगळीकडून हुंगतं, वास डोक्यात ठेवतं. पण एकदा हुंगून भागत नाही, चारदा दाखवावा लागतो. मग खरा आला की ते वासावरच धावतं.

खरं सांगते, एवढी वर्षं लस टोचून मला ती इतकी नीट कधी समजली नव्हती. आबा परत दोर वळायला लागले, तर रुमा सूप खाली ठेवून उठली. सासऱ्यापुढं चढ्या आवाजात बोलणारी ती बाई नव्हे, पण त्या दिवशी बोलली. "आबा, तुमी सुई नही लेतस तं मी बी ऊसतोडले येस नही. दोन जन मरानं त्यापेक्षा घर बसेल बरं." आणि तिनं दोन्ही बाह्या वर केल्या. आबांनी तिच्याकडे बघितलं, मग दोर बाजूला ठेवला आणि सदरा काढला. सुया मी अंगणवाडीच्या ओट्यावर दिल्या, नियमाप्रमाणे, आणि अर्धा तास दोघांना नजरेसमोर बसवून ठेवलं.

सातव्या दिवशी दोघं आपण होऊन आले, वेळेच्या आधी. राहिला अठ्ठाविसावा. आणि नेमक्या अठ्ठाविसाव्या सकाळी ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक निघणार होता.

डॉक्टर म्हणाले, "तिकडे गुजरातेत घेतील की ते." मी म्हटलं, सर, उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत राहणारी बाई, भाषा वेगळी, कागद भिजलेला, ती कुठला दवाखाना शोधणार? तीन डोसांवर धोका किती उरतो, हे मला माहीत नव्हतं आणि माहीत करूनही घ्यायचं नव्हतं. मगनच्या वेळी मी 'नखच ना?' म्हणून सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी स्वतः बर्फाची पेटी भरून दिली, वर रिअॅक्शन आलं तर लागणाऱ्या औषधांचा डबाही दिला. शाबास त्यांची.

खापरला पोचले तर ट्रक भरलेला. भांडी, गोधड्या, कोंबड्या, त्यावर माणसं. इंजिन सुरू. मुकादम म्हणाला, "बेन, गाडीले उशीर व्हई ऱ्हायना."

मी स्कूटी ट्रकच्या पुढ्यात आडवी लावली, किल्ली काढली आणि ब्लाऊजमध्ये टाकली. म्हटलं, आता निघ.

तो तोंडात येईल ते बोलला. मागं हॉर्न वाजायला लागले. ट्रकमधल्या बायका वाकून बघत होत्या. मला आत कुठंतरी भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त राग येत होता, आणि तो मुकादमावर नव्हता. रुमा लेकरू शेजारणीकडे देऊन चाकावर पाय ठेवून खाली उतरली, बाह्या आधीच वर. मागून आबा. मी साखर कारखान्याला निघालेल्या शंभर डोळ्यांसमोर चार सुया दिल्या, दोघांच्या दोन-दोन दंडांना, आणि घड्याळ काढून रस्त्याच्या कडेला अर्धा तास बसवलं. मुकादमानं शेवटी इंजिन बंद केलं आणि चहा मागवला. मलाही दिला. मी घेतला. रजिस्टरातले त्यांचे शेवटचे दोन चौकोन मी तिथंच, स्कूटीच्या सीटवर ठेवून भरले.

आता वाचणारा विचारील, बैलाला खरंच रेबीज होता का? मला माहीत नाही. हिऱ्याला पुरून टाकलं होतं, तपासणार काय? रुमाच्या अंगात विषाणू शिरला होता का, सुयांनी अडवला का, की मुळात आलाच नव्हता, हे कुणीही कधीही सांगू शकणार नाही. माझ्या कामाचं हे असंच आहे. पुढं निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात साहेबांनी विचारलं, सिस्टर, तुम्ही किती जीव वाचवले? मी म्हटलं, एकही दाखवता येणार नाही. गमावलेला मात्र एक नावानिशी दाखवते. टाळ्या वाजवायला आलेले लोक जरा गोंधळले.

त्या वर्षी होळीच्या आधी तोडीवरची माणसं परत आली. एका बाजाराच्या दिवशी इंजेक्शनच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. आबा. मागं रुमा, तिच्या कडेवर लेकरू, आता चांगलं बाळसं धरलेलं. आबा इतके तावात होते की काठी उंबऱ्यावर आपटली. मग सुरू झाले.

"काय व्हयनं? काहीच तं नही व्हयनं! उगाच पयाडी पयाडी मारं आमले! सुया टोची टोची चायन करी टाकी! बठ्ठा फडवर लोक हासतस, बैलना तोंडमा हात टाका म्हनीसन सुया लेनारा म्हतारा धल्ला! कोठे शे तुन्हा तो चोर? दखाड माले! काहीच नही व्हयनं!"

रांगेतली माणसं दारात गोळा झाली. कंपाउंडर मध्ये पडायला धावला, त्याला मी हातानं बाजूला केलं. रुमाकडे बघितलं. तिची बोटं नव्या ओरखड्यांनी भरलेली, ऊस तोडून हात काळे पडलेले, आणि ती ताठ उभी होती. माझे डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

"आबा," मी म्हटलं, "द्या शिव्या. पोटभर द्या. आज मला कसलीही घाई नाही."

आबांनी दिल्या. भिलीत दिल्या, अहिराणीत दिल्या, मधेच गुजरातीत शिरले. रुमा पदर तोंडाला लावून हसत होती. मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले आणि एकूण एक ऐकल्या.